मुका मार लागल्यास घरच्या घरी बर्फाची पिशवी

शेतकऱ्याच्या घरी लहानसहान दुखापती नित्याच्याच असतात. गोठ्यात शेण-मुताने ओल्या झालेल्या फरशीवरून पाय घसरतो, धार काढताना म्हैस लाथ झाडते, ट्रॉलीचा फाळका उघडताना हातावर आदळतो, ठेंगण्या चौकटीला कपाळ लागते. मुले तर झाडावरून, ओट्यावरून, सायकलवरून पडतच असतात. अशा बहुतेक प्रसंगी कातडी फाटत नाही व रक्त दिसत नाही. म्हणून तिकडे एकतर दुर्लक्ष होते, अथवा घरातील कोणी तरी दुखरा भाग गरम तेल लावून जोराने चोळू लागते. या दोन्ही गोष्टी बऱ्या नव्हेत. अशा वेळी थंडावा देणे हा सोपा व जवळजवळ बिनखर्चाचा उपाय आहे. त्यासाठी औषधांच्या दुकानातील तयार पिशवीच हवी असे नाही. दुधाची रिकामी पिशवी, जुने धोतर किंवा लुगडे आणि पाणी एवढ्यावर काम भागते.

तथापि, थंडावा किती वेळ द्यावा, कोणाला देऊ नये आणि कोणत्या दुखापतीत त्यावर विसंबून वेळ घालवू नये, हे पिशवी तयार करण्याइतकेच महत्त्वाचे आहे. या लेखात दोन्ही गोष्टींची माहिती दिली आहे.

मुका मार म्हणजे काय?

बोथट वस्तूचा आघात झाला की कातडी शाबूत राहते, पण तिच्याखालील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून पाझरलेले रक्त बाहेर येण्यास वाट नसल्याने आसपासच्या मांसात साचते. जागा सुजते, ठणकते व थोड्या वेळाने काळीनिळी दिसू लागते. डोक्यावर कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे हे रक्त व सूज वर उचलली जाते. तिलाच आपण टेंगूळ म्हणतो.

साचलेले रक्त शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते. त्यामुळे डागाचा रंग बदलत जातो. प्रथम तांबूस, मग निळा-जांभळा, पुढे हिरवट व शेवटी पिवळसर होऊन साधारणपणे दोन आठवड्यांत तो नाहीसा होतो. हा रंगबदल म्हणजे भाग सडत असल्याचे चिन्ह नव्हे. तो बरा होत असल्याची ती खूण आहे. मात्र ताज्या मारावर चोळणे, दाबणे किंवा शेकणे यांमुळे फुटलेल्या वाहिन्यांतून अधिक रक्त पाझरते व सूज वाढते. याकरिता पहिले दोन दिवस तेल चोळणे, गरम लेप घालणे व शेक देणे कटाक्षाने टाळावे.

थंडाव्याचे कार्य

थंड वस्तूच्या स्पर्शाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व त्यांतून पाझरणारे रक्त कमी होते. तसेच वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे काम मंदावते, म्हणून ठणका कमी होतो. थंडाव्याचा सर्वांत खात्रीचा लाभ हाच आहे.

परंतु थंडाव्याने दुखापत लवकर बरी होते, असे समजू नये. विश्रांती, बर्फ, आवळपट्टी आणि दुखरा भाग उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून मांडली व ती जगभर रूढ झाली. पुढे त्यांनी स्वतःच आपले मत बदलले. सूज ही शरीराच्या दुरुस्तीच्या कामाचाही एक भाग असल्याने, बर्फाचा दीर्घकाळ वापर केल्यास बरे होण्यास उलट विलंब होऊ शकतो, असे त्यांनी लिहिले. यास्तव बर्फ हे पहिल्या एक-दोन दिवसांत वेदना कमी करण्याचे साधन आहे एवढेच ध्यानात ठेवावे. आठ-आठ दिवस बर्फ लावीत बसण्यात अर्थ नाही.

बर्फच का?

एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते. परंतु एक ग्रॅम बर्फ वितळून त्याचे पाणी होण्यासच सुमारे ८० कॅलरी लागतात. आणि तो वितळत असेपर्यंत त्याचे तापमान शून्य अंशावरच राहते. म्हणजे पाव किलो बर्फ केवळ वितळताना सुमारे २०,००० कॅलरी शोषून घेतो. तेवढेच बर्फगार पाणी शून्यापासून २० अंशांपर्यंत तापताना फक्त ५,००० कॅलरी शोषते. थंड पाण्यापेक्षा बर्फाचा थंडावा अधिक वेळ का टिकतो, हे यावरून स्पष्ट होईल.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट समजते. घरगुती फ्रीजच्या बर्फकप्प्याचे तापमान सामान्यतः उणे १८ अंशांच्या आसपास असते. तेथून नुकताच काढलेला कोरडा बर्फाचा खडा शून्य अंशावर नसतो. तो त्याहून पुष्कळच थंड असतो. असा खडा उघड्या कातडीवर धरल्यास तो चिकटतो व कातडी गोठून भाजल्यासारखा फोड येतो. वितळू लागलेला, पाणी सुटलेला बर्फ मात्र शून्य अंशावर स्थिर असतो व म्हणून अधिक सुरक्षित असतो.

लसीकरणाच्या कामात असलेल्या आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्या यांना हे तत्त्व परिचयाचे आहे. लसीच्या पेटीत ठेवण्यापूर्वी गोठवलेले बर्फाचे डबे काही वेळ बाहेर ठेवतात व हलविल्यावर आत पाण्याचा आवाज आला म्हणजेच ते पेटीत रचतात. तसे न केल्यास काही लसी गोठून निकामी होतात. लसीच्या बाबतीत जी दक्षता घेतली जाते तीच मुलाच्या कातडीच्या बाबतीतही घ्यावयाची आहे. (लसीच्या पेटीतील हे डबे मात्र दुखापतीसाठी कधीही काढून घेऊ नयेत.)

पिशव्यांचे प्रकार व कृती

१. बर्फ-पाण्याची पिशवी : ही सर्वांत सोपी व सर्वांत उपयुक्त होय. दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी साबणाने धुऊन घ्यावी. ती फुटकी नसल्याची खात्री पाण्याने भरून पाहून करावी. बर्फाचे मोठे खडे फडक्यात गुंडाळून बत्त्याने बारीक करावेत. पिशवी निम्मी भरेल इतका बर्फ घालून त्यावर अर्धी वाटी पाणी ओतावे. आतील हवा दाबून काढावी व तोंड दोरीने किंवा रबराने घट्ट बांधावे. ही पिशवी दुसऱ्या पिशवीत घातल्यास गळण्याची भीती राहत नाही. पिशवी गच्च भरू नये. निम्मी भरलेली पिशवी गुडघा, घोटा, मनगट यांवर व्यवस्थित बसते. आतील पाण्यामुळे बर्फ शून्य अंशावर येतो व थंडावा सगळीकडे सारखा पोचतो.

२. ओल्या फडक्याची घडी : जुन्या धोतराचा किंवा पंचाचा हातभर तुकडा पाण्यात भिजवून थोडा पिळावा. त्याची तळहाताएवढी चार-पाच पदरी घडी करून ती प्लास्टिकच्या पिशवीत घालावी व बर्फकप्प्यात ठेवावी. अशा दोन-तीन घड्या नेहमी तयार ठेवल्या तर ऐन वेळी बर्फ फोडण्याची धांदल होत नाही. लहान मुलांच्या टेंगळासाठी ही घडी सोयीची आहे. काढल्यावर ती कडक असते; थोडी नरम होऊ द्यावी व मग वापरावी.

३. मिठाच्या पाण्याची मऊ पिशवी : साधे पाणी गोठल्यावर दगडासारखे होते व अवयवावर नीट बसत नाही. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, मीठ विरघळविले तर ते पूर्णपणे घट्ट गोठत नाही. त्याचा भुसभुशीत चुरा होतो. हे पाणी एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्यांत भरावे. पिशवी दोन-तृतीयांशच भरावी, कारण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पाण्याऐवजी मिठाच्या पाण्यात शिजविलेली मैद्याची पातळ खळ भरल्यास पिशवी फुटली तरी पाणी चटकन सांडत नाही.

मीठ अधिक घातल्यास पिशवी अधिक मऊ राहते हे खरे. पण येथेच धोका आहे. मिठाचे प्रमाण पाण्याच्या सुमारे चौथ्या हिश्श्यापर्यंत नेले तर ते पाणी शून्याच्या बऱ्याच खालच्या तापमानातही गोठत नाही. कुल्फी करणारे बर्फात मीठ मिसळतात ते याच कारणासाठी. अशी पिशवी हाताला मऊ व निरुपद्रवी वाटते, परंतु ती कातडी गोठवू शकते. म्हणून मिठाचे वर दिलेले प्रमाण ओलांडू नये. फ्रीजमधून काढल्यावर ही पिशवी पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावी आणि नेहमी फडक्यात गुंडाळूनच लावावी.

४. धान्याची पिशवी : जाड सुती कापडाची वीतभर लांब पिशवी शिवून तीत कोरडे तांदूळ किंवा ज्वारी सैलसर भरावी, तोंड शिवून टाकावे व ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फकप्प्यात ठेवावी. ती गळत नाही व कोणत्याही अवयवावर छान बसते. पण धान्य वितळत नसल्याने त्याला बर्फाप्रमाणे पुष्कळ उष्णता शोषता येत नाही. म्हणून ही पिशवी लवकर कोमट होते. लहान टेंगळास ती पुरते. मुरगळलेल्या घोट्यास बर्फ-पाण्याचीच पिशवी हवी. या पिशवीतील धान्य पुन्हा खाण्यासाठी वापरू नये.

सर्व पिशव्यांवर ‘दुखापतीसाठी – खाण्याचे नाही’ अशी चिठ्ठी लावावी. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या पिशव्या व डबे या कामासाठी, कितीही धुतले तरी, वापरू नयेत.

फ्रीज नसेल तेथे

मळ्यातील वस्तीवर, ऊसतोडीच्या तळावर किंवा वीज गेलेली असताना बर्फ मिळत नाही. तेव्हाही काही करता येण्यासारखे असते. विहिरीतून किंवा कूपनलिकेतून नुकतेच काढलेले पाणी, तसेच माठातील पाणी उन्हाळ्यात हवेपेक्षा बरेच गार असते. हात अथवा पाय असल्यास तो सरळ या पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा. इतर ठिकाणी सुती फडके भिजवून, पिळून ठेवावे व वारा घालावा. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने हे फडके गार होते : पाण्याची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. फडके सुकण्यापूर्वी पुन्हा भिजवावे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला लागू पडतो. कोकणात किंवा पावसाळ्याच्या दमट हवेत पाण्याची वाफ कमी होत असल्याने तेथे फडके वारंवार गार पाण्यात बुडविणेच बरे.

बाजाराच्या गावी बर्फाच्या कारखान्यातील लादी मिळते. लाकडाच्या भुशात व गोणपाटात गुंडाळून ठेवल्यास ती काही तास टिकते. हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये खाण्याच्या व न खाण्याच्या बर्फात फरक कळावा म्हणून अखाद्य बर्फास निळसर रंग देण्याचा नियम करण्यात आला. दुखापतीसाठी पिशवीत बांधून तो चालतो. मुलांना तो चोखू देऊ नये.

काय वापरू नये?

फवारणीसाठी युरिया पाण्यात विरघळविताना बादली बाहेरून गार लागते, हा शेतकऱ्यांच्या नेहमीच्या अनुभवातील प्रकार आहे. युरिया विरघळताना पाण्यातील उष्णता शोषून घेतो. दुकानात मिळणाऱ्या, दाबताच थंड होणाऱ्या काही पिशव्यांत युरिया किंवा अमोनियमयुक्त क्षार असतात ते याच गुणासाठी. ही गोष्ट कुतूहलाची असली तरी घरी अशी पिशवी करू नये. युरियाचे पाणी गुरांच्या पोटात गेल्यास त्यांना विषबाधा होऊन ती दगावू शकतात, आणि पिशवी फुटली तर ते पाणी गोठ्यात किंवा मुलांच्या हाती जाण्यास वेळ लागत नाही. शिवाय अनुदानाचे खत शेतीसाठीच आहे.

पिशवी मऊ राहावी म्हणून तीत स्पिरिट किंवा वाहनाच्या रेडिएटरमध्ये घालावयाचे द्रव भरण्याचाही मोह होतो. हे दोन्ही पदार्थ पोटात गेल्यास घातक आहेत. मीठ व पाणी यांनी काम होत असताना घरात विष आणून ठेवण्याचे कारण नाही.

पिशवी कशी लावावी?

प्रथम दुखापत नीट पाहावी. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ वा घट्ट कपडा त्या भागावर असल्यास सूज वाढण्यापूर्वीच काढावा. मागाहून ते काढणे कठीण जाते. नंतर पुढील क्रमाने काम करावे :

– पिशवी व कातडी यांच्यामध्ये नेहमी फडके असावे. पाणी सुटलेल्या बर्फाच्या पिशवीस पातळ ओले फडके पुरते. बर्फकप्प्यातून काढलेल्या कडक पिशवीस कोरड्या फडक्याचे दोन पदर द्यावेत.

– मोठ्या माणसास एका वेळी १० ते १५ मिनिटे, फार तर २० मिनिटे लावावी. लहान मुले व वृद्ध यांना १० मिनिटांपेक्षा अधिक वेळ लावू नये. घड्याळ पाहून वेळ मोजावा, अंदाजाने नव्हे.

– दर पाच मिनिटांनी पिशवी उचलून कातडी पाहावी. थोडी लाली येणे स्वाभाविक आहे. कातडी पांढरी फटक, निळसर किंवा कडक झाल्यास, तसेच ती पूर्णपणे बधिर झाल्यास पिशवी ताबडतोब काढावी.

– पुन्हा लावावयाची झाल्यास मध्ये किमान दोन तास जाऊ द्यावेत. पहिल्या ४८ तासांत गरजेप्रमाणे असे करावे.

– पिशवी अंगावर बांधून झोपी जाऊ नये व तिच्यावर अंगाचा भार टाकू नये.

– हात किंवा पाय उशीवर ठेवून छातीच्या पातळीपेक्षा उंच करावा. मुरगळलेल्या घोट्यास रुंद पट्टी सैलसर आवळावी. बोटे गार, निळी किंवा मुंग्या आलेली वाटल्यास पट्टी लगेच सोडावी.

डोळ्याभोवती मार लागला असेल तर पिशवी भुवईवर व गालाच्या हाडावर हलकेच टेकवावी, बुबुळावर दाब पडू देऊ नये. नजर अंधुक झाल्यास किंवा डोळ्यात रक्त उतरल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

दोन दिवसांनी सूज ओसरू लागली म्हणजे कोमट पाण्याचा शेक घेण्यास हरकत नाही. घरोघरी लावला जाणारा आंबेहळदीचा लेप त्या वेळी, कातडी फाटलेली नसल्यास, लावता येईल. तोही कढत असू नये. अवयवाची हळूहळू हालचाल सुरू करावी.

कोणास बर्फ लावू नये?

ज्याला थंडीची जाणीव होत नाही त्यास बर्फाची इजा कळतही नाही. मधुमेहामुळे पाय बधिर झालेले रुग्ण, कुष्ठरोगाने संवेदना गेलेली कातडी, पक्षाघात झालेला अवयव यांवर बर्फ लावू नये. ज्यांच्या हातापायांचा रक्तपुरवठा कमी आहे किंवा ज्यांची बोटे थंडीने पांढरी पडतात त्यांनाही तो अपायकारक होतो.

सिकलसेलच्या रुग्णांबाबत विशेष सावधगिरी हवी. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजात, हा आनुवंशिक आजार आढळतो. या रुग्णांच्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि थंडीमुळे हा त्रास उद्भवू शकतो. ज्या घरी सिकलसेलचा रुग्ण आहे तेथे त्याच्या अंगावर बर्फ लावू नये, ही गोष्ट घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावी.

तान्ह्या मुलांना बर्फाची पिशवी लावू नये. गार पाण्याचे फडके पुरे. उघड्या जखमेवरही बर्फ ठेवू नये. ती स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने झाकून, धनुर्वाताच्या लसीबाबत आरोग्य केंद्रात विचारावे.

बर्फावर विसंबू नये असे प्रसंग

बर्फाने वेदना कमी होते, आणि वेदना कमी झाली की दुखापत किरकोळ होती असे घरच्यांना वाटते. पुष्कळदा अनर्थ होतो तो येथेच. पुढील प्रसंगी रुग्णास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य बोलाविता येते.

डोक्याचा मार : टेंगळावर बर्फ अवश्य लावावा, पण पुढचे २४ तास रुग्णावर लक्ष ठेवावे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, झटका, हातापायांतील शक्ती जाणे, दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणे, नेहमीप्रमाणे जागे न होणे यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास क्षणभरही थांबू नये. क्षणभरच का होईना शुद्ध हरपली असेल, तसेच दोन वर्षांखालील मूल उंचावरून पडले असेल, तर चिन्हांची वाट न पाहता दाखवावे.

पोट व छातीचा मार : बैलाचे शिंग, गुराची लाथ किंवा ट्रॅक्टरचे सुकाणू पोटावर लागल्यास बाहेर खूण नसतानाही आत रक्तस्राव होऊ शकतो. पोट कडक होणे, घाम सुटणे, चक्कर, दम लागणे ही धोक्याची लक्षणे होत.

हाड मोडणे : अवयव वाकडा दिसत असेल, त्यावर भार टाकता येत नसेल किंवा हाडावर बोट ठेवताच असह्य कळ येत असेल, तर तो ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये. फळी किंवा जाड पुठ्ठ्याचा आधार देऊन आहे त्या स्थितीत बांधावा व दवाखान्यात न्यावे.

सर्पदंश : दंशाच्या जागी बर्फ लावू नये, चिरा देऊ नये, करकचून बांधू नये. त्याने विष थांबत नाही व अवयवाची मात्र हानी होते. रुग्णास न चालविता, दंश झालेला अवयव न हलविता, सर्पविषावरील लस मिळेल अशा रुग्णालयात त्वरित पोचवावे.

विंचूदंश : थंडाव्याने कळ थोडी कमी झाली तरी विषाचा हृदयावरील परिणाम थांबत नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा विंचूदंशावरील उपयोग दाखवून दिल्यापासून अनेक रुग्णांचे प्राण वाचले आहेत. परंतु हे औषध वेळेवर मिळाले पाहिजे. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच थांबू नये.

भाजणे : भाजलेल्या जागेवर बर्फ लावल्याने इजा अधिक खोल जाते. तेथे साधे वाहते पाणी २० मिनिटे सोडावे. दंतमंजन, शाई, तेल काहीही लावू नये.

तुटलेले बोट व बर्फ

कडबाकुट्टी यंत्रात किंवा मळणी यंत्रात बोट तुटण्याचे अपघात होतात. तुटलेले बोट काही वेळा शस्त्रक्रियेने पुन्हा जोडता येते. पण ते कसे आणले यावर पुष्कळ अवलंबून असते. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकल्यास ते निकामी होते. योग्य रीत अशी : प्रथम रुग्णाच्या जखमेवर स्वच्छ कापडाचा दाब देऊन रक्त थांबवावे व हात उंच धरावा. तुटलेले बोट स्वच्छ, ओलसर, पिळलेल्या फडक्यात गुंडाळून कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. ही पिशवी बर्फ-पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. बोट गार राहिले पाहिजे, गोठता कामा नये. मग रुग्ण व बोट एकाच वाहनातून रुग्णालयात न्यावेत.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

ही माहिती तोंडी सांगण्यापेक्षा प्रात्यक्षिकाने अधिक पटते. बचत गटाच्या किंवा ग्रामसभेच्या बैठकीत अर्ध्या तासात पुढील प्रयोग करून दाखवावा. एका पिशवीत बर्फ-पाणी, दुसरीत माठातील गार पाणी व तिसरीत फ्रीजमध्ये ठेवलेले तांदूळ घ्यावेत. तिन्ही पिशव्या फडक्यात गुंडाळून उपस्थितांपैकी निरोगी प्रौढांच्या हाती क्रमाने द्याव्यात व पंधरा मिनिटांनी पुन्हा स्पर्श करण्यास सांगावे. कोणती पिशवी गार राहिली व का राहिली, हे मग फारसे समजावून सांगावे लागत नाही. त्यानंतर प्रत्येक कुटुंबाकडून एक पिशवी व एक ओल्या फडक्याची घडी तयार करून घ्यावी. मळणीच्या व ऊसतोडीच्या हंगामापूर्वी असे प्रात्यक्षिक झाल्यास त्याचा विशेष उपयोग होईल.

प्रात्यक्षिकाच्या शेवटी प्रत्येकाकडून चार गोष्टी पाठ करून घ्याव्यात : फडक्याशिवाय बर्फ लावावयाचा नाही; १५ मिनिटांत काढावयाचा; दोन दिवसांनंतर लावावयाचा नाही; आणि डोके, पोट, हाड किंवा विष यांचा संशय आल्यास आधी दवाखाना, मग बर्फ. १०८ हा क्रमांक व जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक घराच्या दाराआड खडूने किंवा रंगाने लिहून ठेवावा. पिशवी घरात आहे आणि तिची मर्यादा घरातील सर्वांना ठाऊक आहे, अशी स्थिती गावातील प्रत्येक घरी आली म्हणजे या प्रात्यक्षिकाचा हेतू सफल झाला असे समजावे.